आता पुढे कुठे?

२०२४ सालच्या नाताळची मध्यरात्र होती. मिस्सा संपली होती आणि बाळ येशूच्या दर्शनासाठी गव्हाणीपुढे रांग लागली होती. रांगेत मसुऱ्यातील एका घरची माणसे उभी होती. नवराबायको दोघेही मुंबईला नोकरीत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. मुलगी वडिलांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. मुलाने बाळाच्या पायांचे चुंबन घेतले, क्षणभर गवताकडे पाहिले आणि आईचा हात ओढून विचारले, "आई, आता पुढे कुठे जायचं?"

भोवतालची माणसे हसली. आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री अंथरुणावर पडल्यानंतर तो प्रश्न आम्हांला झोपू देईना. ज्याच्यासाठी मेंढपाळ रानातून धावत आले, ज्याच्यासाठी ज्ञानी लोक दूर देशांतून वाट तुडवीत आले, त्या बाळापाशी हा मुलगा येऊन पोहोचला होता. यापुढे कुठेच जायचे नव्हते. तरीही त्याच्या मनाची गाडी थांबली नव्हती. दोष त्याचा खासच नव्हता. गेले तीन दिवस त्याने मोठ्या माणसांकडून हेच शिकले होते, की एक ठिकाण झाले की दुसरे असते.

त्या आठवड्याचा हिशेब आम्हांला पुढे त्या घरच्या आजींकडून कळला. रविवारी, २२ डिसेंबरला पहाटे कुटुंब कणकवलीला गाडीतून उतरले. सोमवारी जुन्या गोव्याला प्रयाण. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते; ते चुकवून कसे चालेल? जाऊनयेऊन दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, वर से कॅथेड्रलपुढची रांग. मंगळवारी मालवण, होडीतून सिंधुदुर्ग किल्ला, संध्याकाळी नव्या कपड्यांची धांदल आणि मध्यरात्रीची मिस्सा. बुधवारी नाताळ, दुपारी एका नातलगाकडे जेवण, रात्री दुसऱ्याकडे. गुरुवारी तारकर्ली, शुक्रवारी देवबागला डॉल्फिन पाहणे, शनिवारी सावंतवाडीला लाकडी खेळण्यांची खरेदी. रविवारी, २९ तारखेस सकाळी मुंबईची गाडी.

यात गैर काय आहे? एकेक गोष्ट घेतली तर काहीही नाही. संतांचे दर्शन पुण्याचे, किल्ला पाहणे ज्ञानाचे, नातलगांकडे जाणे प्रेमाचे, समुद्र तर देवाचीच निर्मिती. सावंतवाडीच्या चितारआळीतले लाकडी आंबे-फणस मुलांच्या हाती देणारा बाप काही अपराधी ठरत नाही. मग बेरीज करताना मन का खट्टू होते?

त्या रात्री मंदिराच्या व्हरांड्यात आम्ही मुलाच्या आईला सहज म्हणालो होतो, "पोरं फार दमलेली दिसतात हो." त्यावर ती माउली जे बोलली, ते आम्ही विसरू शकत नाही. ती म्हणाली, "फादर, वर्षभर आम्ही दोघं सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री आठला परत येतो. मुलं पाळणाघरात वाढतात. या आठ दिवसांत त्यांना सगळं दाखवायचं नाही, तर कधी दाखवायचं?"

आम्ही धर्मगुरू. आम्हांला ना लोकल गाठायची, ना पाळणाघराची फी भरायची. या वाक्याला उत्तर देण्याचा आम्हांला अधिकार तरी कितीसा? म्हणून त्या रात्री आम्ही उत्तर दिले नाही. परंतु प्रश्न खरा आहे आणि तो एका घराचा नाही. मुंबई, पुणे, आखाती देश इथून डिसेंबरात गावी येणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांचा तो आहे. जी गावीच राहतात, त्यांचाही आहे. तो असा : मुलांना आनंद देणे म्हणजे नेमके काय देणे? आनंद ही साठवण्याची वस्तू आहे काय, की जितकी ठिकाणे तितका साठा मोठा?

प्रथम एक गैरसमज दूर करू. चर्च हे खेळाचे आणि सहलीचे वैरी नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात खेळ व विनोद यांच्यासंबंधी एक स्वतंत्र सद्गुण मानला आहे. शरीर थकले की विश्रांती हवी, तसे मन थकले की त्याला खेळ हवा, असा त्यांचा विचार. जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालतो, त्याला त्यांनी सद्गुणी नव्हे, तर दोषी ठरवले आहे. तेव्हा कोणत्याही पाळकाने लांब चेहरा करून मुलांच्या समुद्रस्नानावर टीका करू नये.

परंतु त्याच ग्रंथात त्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार केला आहे. सात प्रमुख पापांपैकी एकाला आपण मराठीत 'आळस' म्हणतो. हा शब्द अपुरा आहे. अक्वायनस यांना अभिप्रेत आहे ती आत्म्याची मरगळ. जे सर्वांत चांगले आहे त्याच्यापाशी स्वस्थ बसण्याचा कंटाळा. शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेत मनाने देवाच्या ठायी विसावणे अभिप्रेत आहे, आणि ही मरगळ त्या विसाव्याच्या विरुद्ध जाते, असे ते सांगतात. या मरगळीच्या अपत्यांत ते मनाची भटकंतीही मोजतात. म्हणजे दिवसभर खाटेवर लोळणारा आणि दिवसभर इकडून तिकडे धावणारा ही दोन माणसे दिसायला परस्परविरोधी असली, तरी त्यांचे दुखणे एकच असू शकते. दोघांनाही एका जागी, एका माणसापाशी, मन लावून बसता येत नाही. आपल्या धावपळीला आपण नेहमी उद्योगीपणा समजतो. तो क्वचित आळसही असतो, हे ऐकून आम्हांला सेमिनरीत प्रथम आश्चर्य वाटले होते. आता वाटत नाही.

आता काळाविषयी. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळ म्हणजे काय याचा शोध घेतला आहे. भूतकाळ निघून गेला, भविष्य अजून आले नाही आणि वर्तमान तर धरता येत नाही. मग काळ असतो कुठे? तो मनात असतो, असे त्यांचे उत्तर. होऊन गेलेले मनात राहते ते स्मृतीच्या रूपाने, चालू असलेले राहते ते अवधानाच्या रूपाने, आणि येणारे राहते ते प्रतीक्षेच्या रूपाने. या तीन गोष्टींचा मिळून माणसाचा काळ बनतो.

हा विचार आपण मुलांच्या डिसेंबरला लावून पाहू. एखादा आनंद मुलाचा स्वतःचा व्हायचा असेल, तर त्याला तीन दिवस लागतात : एक वाट पाहायला, एक भोगायला आणि एक आठवायला. सहा दिवसांत सहा ठिकाणे असली, की वाट पाहण्याचा दिवस आणि आठवण्याचा दिवस दोन्ही गळून पडतात. काल पाहिलेल्या किल्ल्याविषयी मूल आजीला सांगू लागते न लागते, तोच त्याला गाडीत बसवले जाते. उद्याच्या समुद्राचे स्वप्न पडायला त्याला रात्रही पुरत नाही. उरतो तो केवळ भोगण्याचा दिवस. आणि तोही छायाचित्रे काढण्यात निम्मा सरतो. अशा मुलाकडे गेल्याचा पुरावा राहतो, आनंद राहीलच असे नाही.

आपला आगमनकाळ पूर्वजांनी उगाच ठेवलेला नाही. नाताळच्या एका दिवसासाठी चार रविवार वाट पाहायची, हे शहाणपण त्यात आहे. आमच्या लहानपणी गव्हाणीच्या जमिनीवर हिरवळ दिसावी म्हणून मातीत नाचणी पेरीत. ती दहाएक दिवस आधी पेरावी लागे, रोज पाणी शिंपडावे लागे. चोवीस तारखेच्या संध्याकाळी कोणी कितीही पैसे मोजले, तरी ती उगवली नसती. ज्या मुलाने रोज सकाळी उठून कोंब वर आला का हे पाहिले, त्याला गव्हाणीपाशी आल्यावर पुढे कुठे जायचे हा प्रश्न पडत नसे. तो दहा दिवस चालतच तिथवर आलेला असे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्यो येथे नाताळच्या रात्री खऱ्या गवताची गव्हाणी मांडली. तेव्हाही त्यांनी एका स्नेह्याला सुमारे पंधरा दिवस अगोदर तयारी करण्यास सांगितले होते, असे त्यांच्या पहिल्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. गव्हाणीला वेळ लागतो.

प्रतीक्षेचे हे महत्त्व केवळ आपल्यालाच कळले आहे, असेही नाही. मसुऱ्याच्याच आंगणेवाडीत श्री भराडी देवीची यात्रा भरते. लाखो भाविक येतात. या यात्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते; ती देवीचा कौल घेऊन ठरते. तोवर मुंबईतला चाकरमानी तारखेकडे कान लावून बसलेला असतो. आमच्या हिंदू शेजाऱ्यांची ही श्रद्धा पाहून आम्हांला नेहमी वाटते, की ज्या सणाची तारीख आपल्या हाती नाही, त्या सणापुढे माणूस नम्र राहतो. सण ही आपण आखलेली गोष्ट नसून मिळालेली गोष्ट आहे, हे त्याला उमजते. आपण मात्र नाताळचे आठ दिवस असे आखतो, की देवाला त्यात काही द्यायचे झालेच, तर जागा शिल्लक राहत नाही.

आणि ज्यांच्या दर्शनाला ते कुटुंब जुन्या गोव्याला गेले, त्या संत झेवियर यांचेच उदाहरण पाहा. त्यांच्याइतका प्रवास त्या काळी फार थोड्यांनी केला असेल. गोवे, मलबार किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान. परंतु त्यांचा अंत झाला तो वाट पाहण्यात. चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगचुआन बेटावर, आपल्याला पलीकडे नेणाऱ्या गलबताची वाट पाहत, ३ डिसेंबर १५५२ रोजी ते वारले. ते गलबत आले नाही. तरी त्यांचे जीवन अपुरे राहिले असे कोणी म्हणत नाही. किती ठिकाणे झाली यावर जीवनाची पूर्णता ठरत असती, तर चीन हुकलेला हा संत अपयशी ठरला असता.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. ती वाईट आई नव्हती. ती घाबरलेली आई होती. वर्षभर आपण मुलांना पुरेसे दिले नाही, हे ओझे तिच्या मनावर होते आणि आठ दिवसांत ते फेडायचे होते. आपल्या अनेक घरांतील डिसेंबरच्या धावपळीमागे हेच ऋण असते. परंतु जे ऋण सहवासाचे आहे, ते ठिकाणांनी कसे फिटेल? पाळणाघरात वाढणाऱ्या मुलाला डॉल्फिन कमी पडलेले नसतात. त्याला आई कमी पडलेली असते. आणि आठ दिवस गाडीच्या पुढच्या आसनावर बसून रस्ता, वेळ, जेवण, तिकिटे यांची चिंता करणारी आई मुलाच्या जवळ असूनही त्याला मिळालेली नसते.

२९ डिसेंबरचा तो रविवार पवित्र कुटुंबाच्या सणाचा होता. त्या दिवशीचे शुभवर्तमान संत लूकच्या दुसऱ्या अध्यायातील. आम्ही ते आजवर अनेकदा वाचले आहे, परंतु त्या दिवशी वेदीवर ते वाचताना आमचा आवाज किंचित अडखळला. तीही एका कुटुंबाची सणाची सहलच होती. योसेफ आणि मरिया दरवर्षी वल्हांडणाला येरुशलेमला जात. येशू बारा वर्षांचा असताना, परतीच्या वाटेवर, तो मागे राहिला आणि आईबापांना ते कळले नाही. तो सोबतच्या मेळ्यात असेल असे समजून ते दिवसभराची वाट चालून गेले. मग नातलगांत आणि ओळखीच्यांत शोधाशोध. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला.

ही जगातली सर्वांत चांगली आईबापे होती. ती निष्काळजी नव्हती. ती निःशंक होती. मूल आपल्या मेळ्यात आहे, म्हणजे आपल्याजवळ आहे, असे त्यांनी गृहीत धरले. देवाच्या आईकडूनही सणाच्या गर्दीत मूल सुटू शकते, तर आपल्याकडून सुटले यात लाज कसली? मात्र तिने काय केले ते पाहावे. ती मागे फिरली. झालेली एका दिवसाची वाट तिने फुकट घालवली. पुढचे मुक्काम चुकतील याची पर्वा केली नाही. आणि घरी परतल्यावर या सगळ्या गोष्टी अंतःकरणात साठवून ठेवल्या. संत ऑगस्टीन ज्याला स्मृती म्हणतात, ती हीच.

त्या रविवारी मिस्सेनंतर ती आजी एकटीच बाकावर बसून होती. मुले पहाटेच गेली होती. आम्ही जवळ जाऊन विचारले, तर म्हणाली, "फादरानू, पोरां इली कधी नि गेली कधी, माका कळूकच नाय." मग थोड्या वेळाने तिने सांगितले, की तिने कुलकुलांचे पीठ मळून ठेवले होते. नातवंडांना बसवून फणीवर वळायला शिकवायचे, असे तिच्या मनात होते. एकदा पीठ भिजवले ते संध्याकाळी उशीर झाला म्हणून राहिले. दुसऱ्यांदा भिजवले तेव्हा मुले झोपून गेली. शेवटी तिने एकटीनेच वळून, तळून, डबा भरून मुंबईला दिला. खाऊ मुलांना मिळाला. आजी मात्र मिळायची राहिली.

गावातल्या भरतगडाचेही तेच. फोंड सावंतांनी १७०१ साली बांधलेला हा किल्ला मसुऱ्यातच, चालत जाण्याजोगा. वरून कालावलची खाडी दिसते, पलीकडे भगवंतगड दिसतो. मुले तिथे गेली नाहीत, कारण तो कुठल्याही दिवसाच्या यादीत नव्हता. जे जवळ असते ते कधीही पाहता येते, म्हणून कधीच पाहिले जात नाही. माणसांच्या बाबतीतही असेच घडते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपली सहल दुसऱ्या कोणाचा तरी सण खाऊन उभी असते. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मालवणच्या किनाऱ्यावर होडी हाकणारा, तारकर्लीला पर्यटकांच्या खोल्या झाडणारी, खानावळीत रात्री बारापर्यंत मासे तळणारी, हीही कोणाची तरी आईबापे आहेत. त्यांच्या पोटाला ही कमाई हवी, हे खरे. म्हणून जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांना नाव विचारावे, मुलांना त्यांच्याशी बोलू द्यावे, घासाघीस करू नये. गव्हाणीजवळ पहिल्यांदा पोहोचले ते रात्रपाळी करणारे मेंढपाळच होते, याचा आपल्या मुलांना विसर पडू नये.

आणि आता आमच्या स्वतःच्या अपराधाविषयी. त्या रविवारी दुपारी आम्ही मंदिराच्या दारावरचा फलक पुन्हा वाचला. त्या डिसेंबरात मुलांसाठी आम्ही अकरा कार्यक्रम ठेवले होते. नाताळगीतांची स्पर्धा, वेशभूषा, चित्रकला, घरोघरच्या गव्हाणींना गुण देण्यासाठी परीक्षकांची फेरी, क्रीडादिन आणि आणखी काय काय. आगमनकाळात शांत राहा, असे वेदीवरून सांगायचे आणि फलकावरून मुलांना पळवायचे, हा आमचा कारभार. गव्हाणीला बक्षीस लागले की मूल बाळाकडे पाहत नाही, शेजारच्या गव्हाणीकडे पाहते. त्या मुलाचा प्रश्न आम्हीही घडवला होता. पुढल्या आगमनकाळासाठी आम्ही त्या अकरांतील सात खोडले. काही पालक नाराज झाले. आम्हांला ते समजते. तरीही आम्ही ते परत लिहिले नाहीत.

मग काय करावे? आम्ही नियम घालून देत नाही, केवळ अनुभवाने सुचलेले मांडतो. आठ दिवसांची सुटी असेल, तर दोन ठिकाणे ठरवावीत. ती मुलांना आधीच सांगावीत, म्हणजे वाट पाहता येईल. जाऊन आल्यानंतरचा दिवस रिकामा ठेवावा, म्हणजे आजीआजोबांना सांगता येईल. चोवीस तारखेला कुठेही जाऊ नये. मुलांना दुपारी झोपवावे, म्हणजे मध्यरात्री ती जागी असतील. निदान एक संध्याकाळ अशी ठेवावी, की ज्या दिवशी काहीही घडायचे नाही : पीठ वळावे, नेवऱ्या भराव्यात, अंगणात बसावे. "आज आपण कुठेच जाणार नाही," हे वाक्य मुलांनी आईच्या तोंडून आनंदाने उच्चारलेले ऐकावे. प्रथम ती कुरकुरतील. कुरकुरू द्यावे. कंटाळा हाही बालपणाचा एक भाग आहे. त्यातूनच मूल खेळ शोधते आणि प्रश्न विचारू लागते.

ज्यांना आठ दिवसही मिळत नाहीत, ज्यांना सुटीच नाही, अशा आईबापांनी हे वाचून खिन्न होऊ नये. अवधान मोजण्याचे माप दिवस नव्हे. रात्री आठला घरी आल्यावर मुलाजवळ मन लावून घालवलेला अर्धा तास सणासारखा असू शकतो. त्या माउलीला आम्हांला हेच सांगायचे आहे. बाई, तुझे ऋण तू समजतेस तितके मोठे नाही आणि ते फेडण्यासाठी इतके धावण्याची गरज नाही. मुलांना सगळे दाखवायचे राहून गेले तरी चालेल. त्यांना तू दिसलीस, म्हणजे पुष्कळ झाले.

देव स्वतः जेव्हा माणसांत आला, तेव्हा त्याने तीस वर्षे नाझरेथ नावाच्या एका लहान गावात काढली. त्या वर्षांविषयी शुभवर्तमानात जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. केवळ तो आईबापांच्या आज्ञेत राहिला आणि वाढत गेला, इतकेच. तारणकार्याची एवढी घाई असताना त्याने इतका काळ घरात घालवला. तो काळ वाया गेला, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय?

येत्या नाताळला गव्हाणीपुढे रांग लागेल. आपली मुलेही त्या रांगेत असतील. त्यांच्यापैकी एखादे तरी बाळापाशी पोहोचल्यावर आईचा हात न ओढता जरा वेळ तिथेच उभे राहो, आणि मागच्या माणसांनीही त्याला पुढे ढकलण्याची घाई करू नये, एवढीच आमची प्रार्थना.